वाळू विंचरताना

नेब्रास्कात वारा सुटला की त्याला अडवायला काही नसतं:
मक्याची कापलेली खुंटं, एक सायलो,
आणि कॉलेजच्या मागे आमचा राखाडी ट्रॅक.
तिथे अडतीस वर्षं ल्युमिर वोंद्राचेक उभा राहिला,
टोपी एका हाताने दाबून.

पगार मिळायचा तो आरोग्यशास्त्र शिकवायचा.
आमचं धावणं ही वरकमाई, तीही बिनपैशाची.
बस तोच चालवायचा. लेनच्या रेषा तोच आखायचा,
एप्रिलमध्ये, गुडघ्यांवर बसून, चुन्याने.
पावसाने त्या पुसल्या की आभाळाकडे बघून
चेक भाषेत काहीतरी म्हणायचा.
अर्थ आम्ही कधी विचारला नाही.

पहाटे सहाला लांब उडीची वाळू विंचरायचा,
शाळेची घंटा होत आली तरी
एखादी आई भांग सरळच पाडते, तशी.
रात्रीतून कोण कोण येऊन गेलेलं असे त्या वाळूत,
ससे, मांजरं, एकदा हरीण.
हरणाची उडी त्याने टेप लावून मोजली
आणि वहीत लिहिली:
नाव नाही. वीस फूट. वारा मागून.

मी गोळा फेकायचे.
"ओडेगार्ड," तो म्हणे, "खांदा बैलाचा, घाई चिमणीची.
घाई सोड, खांदा ठेव."
माझ्यामुळे कॉलेजला एकही पदक मिळालं नाही.
तरी वहीत माझी प्रत्येक फेक आहे,
फाऊल धरून.

नियम एकच होता. शर्यत संपली की पडायचं नाही.
रेषेपलीकडे पोरं कोसळायला लागली
की काखेत हात घालून उचलायचा:
"चाल. ओकायचंय? चालता चालता ओक."

कॅन्ससला रिलेत रोस्को टिबेट्सच्या हातून
बॅटन सुटली, तिसऱ्या वळणावर,
आणि परक्या लेनमध्ये घरंगळत गेली.
परतीच्या वाटेवर पाच तास बसमध्ये कुणी बोललं नाही.
मग एका पेट्रोल पंपावर कोच उतरला,
चेरीची पाय घेऊन आला, रोस्कोपुढे धरली:
"दोन्ही हातांनी धर."
हसावं की नाही, कळेना.
पहिल्यांदा रोस्कोच हसला.

टेपचं शून्याचं टोक नेहमी अर्लीनकडे असायचं.
त्याची बायको. गोळा पडला त्या खड्ड्याशी
ती वाकायची, टोक टेकवायची, आणि हात वर करायची.
सव्वीस वर्षं त्याने जे काही मोजलं
ते तिच्या बोटापासून.

फेब्रुवारीत ती गेली. आम्हाला कळलं नव्हतं.
सहाला आलो तर बर्फात, वाळूच्या चौकटीवर
तो बसलेला, मांडीवर दाताळं आडवं.
वाळूवर वीतभर बर्फ. विंचरायला काहीच नाही.

कुणी पुढे होईना.
मग मी त्याच्या काखेत हात घातले,
बैलाच्या खांद्याचा तेवढाच उपयोग झाला आयुष्यात,
आणि म्हटलं, "चाल, कोच."

पहिली लेन धरून चाललो.
पहिली फेरी तो रडत होता, न लपवता,
नाक बाहीला पुसत.
दुसऱ्या फेरीत मध्येच थांबला
आणि रोस्कोला म्हणाला,
"नाडी अशी बांधतात होय?"

त्यानंतर टेपचं टोक मी धरलं, कॉलेज सुटेपर्यंत.
पुढे कुणी धरलं, माहीत नाही.
ट्रॅक आता नाही. तिथे गाड्या लागतात,
आणि आखलेल्या रेषा म्हणे फार सरळ आहेत.

मी ओमाहात ट्रक दुरुस्त करते.
त्याच्या वह्या, एकतीस, खोक्यातून माझ्याकडे आल्या,
पाठवणाऱ्याची चिठ्ठी नव्हती.
त्या दिवसाचं पान शोधलं.
हिशेब पेन्सिलीत, नेहमीच्याच बारीक अक्षरात:

ओडेगार्ड. दोन फेऱ्या.
वेळ घेतली नाही.